उण्याची ओवी

एस.टी. घाट चढायला लागते आणि माझ्या पापण्या जड होतात. बाहेर नुकतं उजाडतंय. खिडकीशी माझी थोरली बहीण कौसाक्का, तिचं डोकं माझ्या खांद्यावर. आज जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तिची फेरतपासणी आहे. डॉक्टरांनी कागदावर चाळीस टक्के मतिमंदत्व लिहिलं, तर तालुक्याला नव्या निघालेल्या केंद्रात तिला दिवसभर ठेवून घेतील. नाही लिहिलं, तर मी शिवणाच्या कारखान्यात आणि कौसाक्का घरात, दाराला बाहेरून कडी. परवा तिनं आतून दार इतकं बडवलं की तळवे सोलले.

गाडी वळते, धुकं आत शिरतं, आणि पुढच्या बाकावर आई बसलेली असते. मेलेली माणसं बसतात तशी नाही. चांगली पाय पसरून, घरच्यासारखी. बाक आता बाक नाही, परड्यातला धुण्याचा दगड आहे. कौसाक्काला पुढ्यात घेऊन आई तिचं तोंड खसाखसा धुते आहे.

"हलू नगं गं राणी. सायबाम्होरं जायाचंय. सांग बरं, नाव काय?"

"कौसल्या!"

"आन् बुधवारानंतर?"

"बेस्तरवार!" कौसाक्का स्वतःलाच टाळी देते.

मागच्या तपासणीला हेच झालं होतं. पावसाळाभर आईनं तिला पढवलं, ठेवणीतलं लुगडं नेसवलं. कौसाक्कानं डॉक्टरांपुढं सगळं घडाघडा म्हटलं. कागदावर आकडा आला तो चाळीसच्या बराच खाली. आईला वाटलं, जितका आकडा कमी तितकी लेक शहाणी. तिनं आळीभर साखर वाटली.

"आई, पढवू नको तिला," मी म्हणते.

"मग काय, येडी म्हणून हुबी करू?"

"आहे तशी उभी कर."

"तू कोंडतीस ती कोंडतीस, वर मलाच शिकीव. गुराला बी दिसाचं सोडत्यात, वैजे."

धुण्याचं पाणी वाहत वाहत फरशीवर जातं. फरशी दवाखान्याची आहे, पण पुढं आमची चूल पेटलेली, आणि चुलीपुढं पाटांवर तीन डॉक्टर मांडी घालून बसलेत. पांढरे डगले दिसतात, तोंडं दिसत नाहीत.

"मुलीला काय काय येतं?" एक विचारतो.

आई पदर सावरते. लेकीचं कौतुक तिला साधं बोलून कधी जमलंच नाही.

*लाडकी माझी लेक, अंगणी हसू लागे*
*शेजी गं विचारीते, चांदणं कुठं जागे*

"छान. हुशार आहे. पुढचे या," डगला म्हणतो.

तेवढ्यात दार वाजायला लागतं. आमचंच दार, बाहेरून कडी लावलेलं. आतून कुणीतरी दोन्ही हातांनी बडवतं आहे. मी वळून पाहते. दगडापाशी कौसाक्का नाही.

आईचा चेहरा उतरतो. "कोण गं त्ये?"

"कौसाक्का."

"कवाधरनं बडवती अशी?"

"तू गेल्यापासनं."

ती दाराकडं धावते. कडी तिच्या हाताला लागत नाही. बोटं धुरासारखी लोखंडातनं आरपार जातात. ती माझ्याकडं बघते. एवढी घाबरलेली मी तिला जिवंतपणीही पाहिली नव्हती.

"तू काढ की!"

"माझ्यानं निघत नाही, आई. तिचं उणं सांगितलं तरच निघते."

"तिच्या तोंडावर? आई हाय का मी वैरीण?"

दार वाजतच राहतं. डगले उठायला लागतात. आई मटकन खाली बसते. जातं नाही, दाणे नाहीत, पण तिचा हात गोल फिरू लागतो, आणि घशातनं येतो तो आवाज मी कधी ऐकलेला नाही.

*लाडक्या लेकीला माझ्या, येईना वेणीफणी*
*सरकार मायबापा, तिला न्हाऊ घालील कोणी*

बडवणं मंदावतं. कौसाक्का ऐकते आहे. तेच तर आईला नको होतं.

*दूध गेलं उतू चुली, तिला कळेना जाळ*
*केस झालं पांढरं गं, तरी ओटीचं बाळ*

तिसरी ओवी तिच्या ओठांवर येते आणि तिथंच मोडते. आई पदरानं नाक पुसते.

"हितनं म्होरं तू म्हण," ती मला म्हणते. "पर तिचा हात धरून म्हण. आन् परक्याला म्हणू देऊ नगं."

मग ती चुलीमागच्या काजळलेल्या भिंतीवरनं बोट फिरवते. "देखण्या पोराला तीट लावत्यात न्हवं? त्ये बी उणंच. मायेनं लावल्यालं."

दार किलकिलं होतं. फटीतनं आईचा हात आत जातो...

"दवाखाना! दवाखानावाले उतरा!"

कंडक्टर पत्र्यावर थाप मारतो. ऊन खिडकीत आलंय. कौसाक्का जागी आहे, माझ्याकडं टक लावून बघते आहे. तिच्या उजव्या गालावर हरभऱ्याएवढा काळा ठिपका आहे.

आमच्याकडं चूल नाही आता. कधीचा गॅस आलाय. काजळाची डबीही नाही.

मी पदराचं टोक ओलं करून तिच्या गालाकडं नेते.

"पुसू नको, वैजू," ती म्हणते.

मी पदर सोडते. तिचा सोललेला तळवा हातात घेते, जपून. दुसऱ्या हाताचं बोट त्या ठिपक्याला लावून बघते. काजळी बोटाला येते. अजून कोमट आहे.