आईचा उघडा पंजा संगणकाला मूठ वाटला

मंडळी, आज फार थकलेय, तरी लिहितेय.

कॅमेऱ्यासमोर हात धरला की संगणकानं तो ओळखायचा. पंजा म्हणजे 'पुढे', मूठ म्हणजे 'थांब'. वयस्कर माणसांना बटणं दाबावी लागू नयेत म्हणून सहा महिने हाच प्रोग्रॅम बनवतेय. आज दुपारी अनगोळच्या घरी आईलाच कॅमेऱ्यासमोर बसवलं.

तिनं पंजा उघडला. पडद्यावर आलं, 'मूठ'.

"आई, हात सरळ धर की."

"धरलाय गं. येवढाच हुतोय सरळ."

सत्तर-ऐंशीच्या दशकांत आई निपाणीत दिवसभर विड्या वळायची. त्यावरच मी इंजिनिअर झाले. तिची बोटं आत वळलेलीच राहिली, हे मला ठाऊक होतं. तरी संगणकाला शिकवताना मी फक्त ऑफिसातल्या तरुणांचे हात दाखवले होते.

चारदा करून बघितलं. चारही वेळा मूठच. शेवटी आईनं हात पदराखाली घेतला.

"ऱ्हाऊ दे गं. माजंच कायतरी चुकत आसंल."

तिचं काहीच चुकलं नव्हतं, हे तिला सांगता सांगता मलाच रडू आलं. सोमवारचं प्रात्यक्षिक मी पुढं ढकललंय. आता संगणकाला सगळं पहिल्यापासून शिकवायचं.

तुमच्या घरी अशा हातांची माणसं आहेत का? सांगा. फोटो काढायला मी स्वतः येईन.