मामांचा माळ

माझ्या आत्याच्या यजमानांनी आयुष्यात एकदाच कुणावर डोळे झाकून विश्वास ठेवला, तो म्हणजे आत्यावर. आणि तेही लग्नात मध्ये अंतरपाट होता म्हणून. त्यानंतर त्यांनी डोळे झाकलेच नाहीत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. यवतच्या स्टँडवर ते एसटीची पाटी वाचत, मग कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला, आणि आत बसल्यावर शेजारच्या बाईला, "बाई, ही गाडी खरंच दौंडला जातीय न्हवं? पाटी काय, कुनीबी लावील." हॉटेलात चहा सांगितला की उठून स्टोव्हपाशी जाऊन दूध ओतताना पाहत. रेडिओने पाऊस सांगितला की कांद्याला पाणी सोडत, आणि ऊन सांगितलं की वैरण झाकून ठेवत. गंमत म्हणजे बऱ्याचदा त्यांचंच खरं व्हायचं, त्यामुळे या रोगाला कधी उतार पडला नाही.

त्यात त्यांच्या शेताला लागून दगडाची खाण आणि खडीचा क्रशर सुरू झाला, म्हणजे आधीच्या खोकल्यात धुळीची भर पडली. खाणीच्या तोंडाशी 'परवानाधारक' असा ठळक फलक होता. मामा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ज्याच्या मनात चोर न्हाई, त्येला बोर्ड कशाला लागतो रं?" सुरुंगाआधी भोंगा वाजे, तर तो मुद्दाम उशिरा वाजवतात असा त्यांना संशय. कांद्याच्या पातीवर पांढरी धूळ बसे, विहिरीचं पाणी गढूळ होई. हे मात्र संशयाचं काम नव्हतं, ते मलाही दिसत होतं. आत्या वाळत घातलेलं लुगडं झटकायची आणि मामा म्हणायचे, "झटकू नगंस, ऱ्हाऊ दे. पुरावा हाय त्यो."

खाणीच्या पलीकडे मात्र माळ अजून शाबूत होता. बोराटीची आणि तरवडाची झुडपं, गुडघाभर वाळकं गवत, आणि त्यात हरणं. आपल्या कोरड्या माळावरची चिंकारा, लहानखुरी, तांबूस. मामा त्यांच्यावरही संशय घ्यायचे. "माझी मेथी खात्यात, आन् मी गेलो की दुसरीकडं बघत्यात. जनू पावनीच आलीत." पण शेळ्या विकून वर्षं झाली तरी बांधाजवळची दगडी डोण उन्हाळाभर ते पाण्याने भरत होते. कुणासाठी विचारलं तर म्हणायचे, "शेळ्यांसाठी." आत्या पदराआड हसायची. ह्या माणसाचा त्या हरणांवर फार जीव होता, आणि ते कबूल करायला ते माझ्यावरही विश्वास ठेवत नव्हते.

पूर्वी एकदा जीपमधून आलेल्या गोडबोल्या माणसांनी त्यांना विचारलं होतं, "मामा, इकडं हरणं दिसतात का?" मामांनी कौतुकाने जागा दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर रक्त आणि काडतुसांच्या टोप्या सापडल्या. तेव्हापासून जीप दिसली की मामा सावध.

म्हणून गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक तरणा साहेब जीपमधून आला, तेव्हा तो उतरायच्या आत मामांनी डोण पालथी केली आणि बाभळीची फांदी ओढत पाणवठ्याकडची खुरांची माती सारखी करून टाकली. पुढचं त्यांनीच मला मिटक्या मारत सांगितलं.

"म्हनला, चिंकारा दिसतो का? म्या म्हनलं, चिंकारा म्हंजी? म्हनला, हरीण. म्या म्हनलं, व्हय, बघितलंय की, शाळंतल्या चित्रात!"

"मग?"

"मग गळ टाकला त्येनं. म्हनं, असती तर बरं झालं असतं मामा, हा माळ वाचला असता. कसला ग्वाड बोलत हुता! मी काय आज जन्मलोय व्हय?"

महिनाभरात क्रशरचा मॅनेजर पेढे घेऊन दारात आला. मी ओट्यावरच होतो. मामांनी विचारलं, "कशाचं पेढं?"

"तुमच्यामुळंच जमलं मामा. पलीकडच्या माळाची परवानगी मिळाली. पाहणीला आलेल्या त्या दुर्बीणवाल्या साहेबांना तुम्हीच सांगितलंत ना, हितं जनावर न्हाई म्हणून?"

मामांनी पुडा हातात धरला. त्या पेढ्यांवर संशय घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. आत्याने पुढे होऊन त्यांच्या हातातून पुडा काढून घेतला.

त्या बाजूला सुरुंग लागले आणि हरणं गेली. कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. न्हावऱ्याकडे कुणाला दोनचार दिसली असं ऐकलं, पण मामांना ते पटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो, तेव्हा खतवाल्याची जीप रस्त्याने चालली होती. मामा धोतर सावरत तिच्यामागे धावले. "सायेब! थांबा, सायेब! हरणं हाईत हितं! म्या सोत्ता बघितलीत!" जीपवाल्याने गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं, काच वर केली आणि निघून गेला. मामा धुरळ्यातून परत आले. बराच वेळ ते माझ्याजवळ बसून दम खात होते. मग त्यांनी माझा हात धरला.

"हुती न्हवं रं? तू बघितली हुतीस न्हवं?"

"होती मामा. मी बघितली होती."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि पुढे काहीच विचारलं नाही.