अक्कांच्या हिरड्या आणि माझा तक्ता

मुलांनो, तुम्ही पाठवलेली ग्रीन टीच्या अर्काची दुसरी बाटली पोचली. मी ती उघडलेली नाही. आता आणखी पाठवू नका. का ते फोनवर सांगितलं नाही, कारण तिथे तुम्ही लगेच "इट्स ओके, आजी" म्हणता आणि मला ते ऐकायचं नाही.

धुळ्याच्या अक्का तुम्हाला आठवत असतील. तुमच्या आजोबांची थोरली बहीण. तुम्ही लहानपणी आलात तेव्हा त्यांनी दातांनी ऊस सोलून दाखवला होता आणि तुम्ही आ वासून बघत बसला होतात. त्या मिश्री लावायच्या, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना घासायच्या. त्यावरून मी त्यांना आयुष्यभर बोलत आले.

गेल्या वर्षी त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिरड्यांखाली कीटण साचलंय, तीन-चार वेळा येऊन साफ करून घ्या आणि मिश्री बंद करा. मिश्री अक्कांनी सोडली. पण हिरड्यांखाली हत्यार घालणार म्हटल्यावर त्या घाबरल्या. "त्या खुर्चीवर मी परत बठनार नही," म्हणाल्या.

त्याच आठवड्यात तुमची पहिली बाटली माझ्याकडे जळगावला आली. भिंग घेऊन मी तिच्यावरचा सगळा इंग्रजी मजकूर वाचला. नैसर्गिक, जंतुनाशक, हिरड्यांसाठी. मग पट्टी घेऊन एक तक्ता आखला. सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी कोमट पाणी, दहा थेंब, एक मिनिट चूळ, आणि रोजच्या खुणेसाठी चौकोन. वरती ठळक अक्षरांत लिहिलं, 'याने जंतू मरतात, हिरड्यांची सूज उतरते, रक्त थांबते.' बाटली घेऊन एसटीने धुळ्याला गेले आणि तो कागद अक्कांच्या बेसिनवर मी माझ्या हाताने चिकटवला.

"तुन्या इंग्रजीमा लिखेल शे ना, मास्तरीन? मंग खरंच व्हई," अक्का म्हणाल्या. इंग्रजीची शिक्षिका म्हणून त्या मला मास्तरीण म्हणतात, अर्धं कौतुकाने, अर्धं चिडवायला.

"छापलेलं आहे, अक्का," मी म्हणाले.

दोन महिन्यांत रक्त थांबलं. तोंडाचा वासही गेला. अक्कांचा फोन आला, "आते त्या डॉक्टरीनकडे जाऊ का नको?"

"रक्तच नाही तर जायचं कशाला?" मी म्हणाले.

हे वाक्य माझं आहे. तेव्हा तुम्ही तक्त्याचा फोटो मागवून घेतलात, "सो सिस्टिमॅटिक" म्हणालात, आणि मी चार दिवस खुशीत होते.

दिवाळीनंतर भाकरीचा तुकडा तोडताना त्यांचा खालचा पुढचा दात हलला. मग शेजारचेही. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, उजेडावर धरला आणि मान हलवली. चुळांचं ऐकून त्या अक्कांना म्हणाल्या,

"अर्क वाईट नाही, आजी. जंतू थोडे कमी होतात, सूजही उतरू शकते. म्हणून तर तुम्हाला बरं वाटलं. पण कीटण चूळ भरून निघत नाही. ते खाली तसंच राहिलं आणि हाड झिजत गेलं. तेव्हाच आला असता तर हे चार दात बहुतेक वाचले असते." मग त्यांनी विचारलं, "येऊ नका असं कुणी सांगितलं?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनीच नही. मीच घाबरनू," त्या म्हणाल्या.

मी तिथेच बसले होते.

दात काढले त्या दिवशी अक्कांच्या बेसिनवरचा तक्ता मी पुन्हा पाहिला. एकही चौकोन रिकामा नव्हता. बाटली तिथेच होती. भिंग नसतानाही आता शब्द दिसला, 'मे'. मे हेल्प. मदत होऊ शकते. एकतीस वर्षं मी मुलींना 'मे' आणि 'विल' यांतला फरक शिकवला, चुकलं की लाल गोल केला. आणि मराठीत उतरवताना मीच तो शब्द गाळला, कारण त्याने वाक्य लेचंपेचं वाटत होतं. मी तक्ता काढायला हात लावला तर अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. भरीत खावाले दात कशाले लागतस?" आणि तोंडावर पदर धरून हसल्या. पूर्वी त्या हसताना पदर धरत नसत.

मागच्या महिन्यात त्यांची चार दातांची कवळी तयार झाली. काउंटरवरच्या बाईंनी वापराच्या सूचनांचा कागद दिला. सगळा इंग्रजीत. मी सवयीने चष्मा लावला आणि हात पुढे केला. अक्कांनी कागद माझ्या हाताखालून त्या बाईंकडे परत सरकवला.

"ताई, तूच वाची दे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. बाईंनी एकेक ओळ मराठीत सांगितली. सुरुवातीला टोचू शकतं, म्हणाल्या. बोलताना अडखळल्यासारखं होऊ शकतं. मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि ऐकत राहिले. त्यांनी एकही शब्द गाळला नाही.