नवरदेवासाठी गार केलेली गाडी

“दारू पिऊन मेला म्हनं! कोन म्हनतंय ते फुडं या की!”

पोलीस ठाण्याच्या दारात ती बाई अशी ओरडली, की आतला टेबलफॅन घाबरून थांबला. वीज गेली होती, हे मला मागाहून कळलं. फौजदारकीतून निवृत्त झालो, तरी तो आवाज काही कानातून जात नाही.

सत्तरच्या दशकातला सोलापूरचा वैशाख. ऊन असं, की लॉकअपचे गज तापले म्हणून आरोपी आपण होऊन गुन्हे कबूल करायचे. अशा गावात एका शेठनं आपल्या मोटारीला मुंबईहून थंड हवेचं यंत्र बसवून आणलं. मग काय, ओळखीतल्या प्रत्येक नवरदेवाला त्याच गाडीतून मांडवात जायचं होतं. रीतच पडली. नवरदेव बसायच्या आधी अर्धा तास ड्रायव्हरनं काचा लावून, इंजिन चालू ठेवून, आत बसून गाडी गार करायची.

त्या दुपारी नवरदेवानं दार उघडलं, तर ड्रायव्हर स्टिअरिंगवर मान टाकून गेलेला. प्यायला असणार, असं शेठ म्हणाले. मीही पंचनाम्यात ‘मद्यपानाचा संशय’ लिहून मोकळा झालो. वास म्हणावा तर फक्त लग्नातल्या अत्तराचा होता.

ओरडणारी बाई त्या ड्रायव्हरची बायको, जेऊरची. शांत झाल्यावर तिनं एकच मागितलं. “ते दारूचं खोडा, सायेब. दारुड्याची पोर म्हनून माझ्या लेकीला कोन करून घील?”

शवविच्छेदनात दारूचा थेंब निघाला नाही. निघाली धुराची विषबाधा. त्याच दिवशी एक गॅरेजवाला मिस्त्री पान चघळत आला आणि हळूच बोलला. मुंबईच्या कंपनीनं ते यंत्र परत मागवलं होतं. पत्र फाल्गुनातच आलं होतं. शेठनं ते या मिस्त्रीला मराठीत समजावून विचारलं होतं, एवढी लग्नसराई निभेल का?

शेठना ठाण्यात बसवलं. पहिला तास त्यांना कसलंच पत्र ठाऊक नव्हतं. मी पंखा बंद करायला सांगितला. दुसऱ्या तासाला घामाबरोबर पत्रही बाहेर आलं. पेढीवर, तारेच्या आकड्याला, लग्नपत्रिकांच्या खाली अडकवलेलं. इंग्रजीत स्वच्छ छापलं होतं: यंत्रासाठी पाडलेल्या भोकाचं रबर फाटतं, इंजिनचा धूर आत शिरतो, यंत्र बंद ठेवा, गाडी ताबडतोब घेऊन या.

निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. कोर्टात वकिलानं पटवलं, की पत्र म्हणजे विनंती, हुकूम नव्हे. शेठ सुटले. पंचनामा खोडता येत नाही, म्हणून मी पुरवणी टिपण जोडलं आणि बाईला नक्कल दिली. पण तोवर माझी पहिली ओळ जेऊरला पोचली होती आणि तिथं नक्कल कोण वाचतो? मोठ्या माणसानं सांगितलेलं कारण लिहिताना पेन फार जोरात पळतं, एवढं मी शिकलो. त्या पोरीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी शेठना गाठलं. म्हटलं, यंत्र परत पाठवायचं नव्हतं, तर निदान ड्रायव्हरला तरी पत्राचं सांगायचं होतंत.

शेठनी रुमालानं मान पुसली. “त्याला कुठं इंग्रजी येत होतं?”