आठच्या मालिकेतली बाई

"मी हे बोललेच नाही," रत्नमाला म्हणाली.

"न बोलता तिला कसं कळलं मग?" भीमरावांनी रिमोट टीव्हीकडे रोखला. पडद्यावरची बाई पोळ्या लाटत होती आणि न दिसणारी माणसं अजून खदखदून हसत होती. "तिचा नवरा गॅरेजात कामाला. तिला फाटक कुठून सुचलं?"

मालिकेतली बायको नुकतीच म्हणाली होती, "इनसे बात करने से अच्छा, फाटक से बात कर लूँ. कम से कम खुलता तो है."

"मतलब पप्पा, तुम्ही टीव्हीवरनं मम्मीशी भांडताय?" अश्लेषानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "योगायोग असतो हो."

"योगायोग असतो," भीमराव म्हणाले. समोरच्याचं बोलणं आधी जसंच्या तसं म्हणून दाखवायचं आणि मग उत्तर द्यायचं, ही त्यांची सवय. जयपूरच्या सीकर रोडकडच्या रेल्वे फाटकावर ते गेटमन होते. स्टेशनमास्तरचा फोन आला की ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, हा तिथला नियम. "म्हणे योगायोग! आणि तो नवरा? तोही आता माझ्यासारखा परत परत बोलायला लागलाय."

रत्नमाला खोटं बोलत नव्हती. वाक्य तिचंच होतं; सकाळी त्यांचा डबा भरताना मनात आलेलं. ओठ हलले नव्हते.

लग्नानंतर ती वरणगावहून जयपूरला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हती. भाजीवाल्याला ती बोटानं दाखवून भाजी घ्यायची. पुढे अश्लेषा शाळेत जायला लागली, तशी ती विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका रजईच्या कारखान्यात शिवायला बसली. आईनं शिकवलेला गोधडीचा टाका तिथं कामी आला. आता एका टेबलाच्या बायका तिच्या हाताखाली होत्या आणि सगळ्या तिला रत्नाजी म्हणायच्या. घरी ती अश्लेषाची मम्मी होती. या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तिचं नाव कुणी घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

मालिका सगळी कॉलनी बघायची. गॅरेजातला नवरा, त्याची बायको, एक खोली आणि रोजची खडाजंगी. सुरुवातीला आपल्याच घरची भांडणं तिथं ऐकू यायची, तेव्हा रत्नमाला खूश व्हायची. ओली बादली दारात ठेवण्यावरून, भाजीतल्या तेलावरून. म्हणजे सगळ्यांच्याच घरी हे चालतं तर!

पण फाटकाची गोष्ट तशी नव्हती. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना तिनं मुद्दाम एक जुनी गोष्ट मनात आणली. लहानपणी त्यांच्याकडे एक शेळी होती. सारखी चरत असायची आणि कुणाचं ऐकायची नाही, म्हणून आजोबांनी तिचं नाव तहसीलदार ठेवलं होतं. हे तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही.

संध्याकाळी मालिकेतली बाई म्हणाली, "हमारी बकरी का नाम था तहसीलदार."

"शेळीचं नाव तहसीलदार!" भीमरावांना हसताना ठसका लागला. अश्लेषाही हसली. टीव्हीतली माणसं तर थांबेचनात. रत्नमालाच्या हाताखालची पोळी तव्यावर काळी झाली. वास सुटला तरी तिला ती उलटता येईना.

त्याच आठवड्यात भीमराव पेढे घेऊन आले. त्यांना 'म्युच्युअल' बदली मिळाली होती. भुसावळला त्यांच्याच ग्रेडचा एक गेटमन होता, मूळचा इथला. त्यानं इकडे यायचं, यांनी तिकडे जायचं. दोघांनी सह्याही करून टाकल्या होत्या.

"अहो, मला विचारायचं तरी."

"विचारायचं काय त्यात? आपल्या गावाला जायचंय, परमुलखात नाही."

रविवारी त्या माणसाची बायको क्वार्टर बघायला आली. पडद्यांसाठी तिनं वितीनं खिडक्या मोजल्या, ओट्यापाशी उभी राहून हात कुठवर पोचतो ते पाहिलं. रत्नमाला तिच्यासाठी चहा गाळत होती. गाळता गाळताच तिचं मनाशी ठरलं. नक्की ठरलं. मनात आलं म्हणजे आता ते टीव्हीवर जाणार. लोक त्यावर हसणार, आणि भीमरावांना ते तिच्या तोंडून नाही, मालिकेतल्या बाईच्या तोंडून कळणार.

सोमवारी तिनं टीव्हीची वायर ओढून काढली. भीमरावांनी "ढिली झाली वाटतं" म्हणत ती पुन्हा बसवली. बसवली नसती तरी भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू आलाच असता.

आठ वाजले. मालिकेतली बाई चहा गाळत होती. तिच्या मागे एक अनोळखी बाई वितीनं खिडकी मोजत होती.

"बघ, यांचीपण बदली झाली!" भीमरावांनी मांडीवर थाप मारली. "सेम टू सेम!"

पडद्यावरच्या नवऱ्यानं विचारलं, "सामान कब बाँधोगी?"

बाईनं गाळणं खाली ठेवलं. इथं हशा पिकायला हवा होता. पिकला नाही. भिंतीपलीकडचा टीव्हीही गप्प झाला. बाईनं पदराला हात पुसले आणि ती वळली. नवऱ्याकडे नाही, काचेकडे. खोलीत कोण कोण बसलंय ते ती एकेक करून पाहत होती. अश्लेषानं नकळत पाय जवळ ओढून घेतले.

"ही अशी काय बघतेय, मम्मी?"

बाईनं तोंड उघडलं.

रत्नमाला उठली आणि टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. तिची पाठ काचेकडे होती. पाठीमागे कुणीतरी श्वास रोखून धरलाय, असं तिला वाटलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"मी भुसावळला येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही जा. कारखान्याजवळ खोली बघितलीय, एक तारखेपासून मी तिथं राहणार. अश्लेषा, तुला कुठं राहायचं ते तू ठरव."