उंचीवाले सर

आमच्या वर्तकनगरच्या मैदानावर रोज संध्याकाळी साडेसहा फूट उंचीचे एक गृहस्थ मुलांना बास्केटबॉल शिकवतात. लेबनॉनपासून फिलिपिन्सपर्यंत सहा देशांतल्या क्लबांकडून पगारी खेळलेले. पण त्यांचं नाव कुणी विचारलेलं नाही. आम्ही पालक त्यांना ‘उंचीवाले सर’ म्हणतो.

मुलीला त्यांच्याकडे शिकायला घालायला गेलेलो तेव्हा मीही सगळ्यांसारखंच विचारलं, “सर, दहावीपर्यंत किती इंच वाढेल?” दहावीला क्लास लागला की खेळ बंद, हे आमच्याकडे ठरलेलंच.

सरांनी मान खाली घालून चेंडू दोनदा आपटला. “साहेब, मी उंच होतो म्हणून मला खेळायला घेतलं. खेळून उंच नाही झालो.”

हे काही आम्हाला पटलं नाही. बास्केटच्या खांबावर आम्ही मुलांच्या उंचीच्या रेघा मारून घेतल्या. दर महिन्याला सरच मुकाट्याने मारतात.

परवा माझ्या मुलीने लांबून पहिली बास्केट केली. सर दोन्ही हात वर करून ओरडले आणि माझ्याकडे वळले, “पाहिलंत?”

मी खांबाशी उभा राहून तिच्या गेल्या महिन्याच्या आणि या महिन्याच्या रेघेतलं अंतर बघत होतो.

“पाहिलं ना सर,” मी म्हणालो, “अर्धाच इंच!”