पऱ्हाटीवर चालवलेला रोलर

बाबा गेले आणि वर्षाच्या आत भाऊ हुडकेश्वरला माझ्या घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, "रोलर भंगारात देऊन राहिलो."

बाबांनी तो वाफेवरचा जुना रोड रोलर लिलावात घेतला होता. नरखेडकडच्या शेतात ठेवून जन्मभर त्याला तेलपाणी केलं. व्हॉल्व्ह फिरवायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले. भाऊ तिकडे कधी फिरकला नाही, अन् आता निघाला कापायला! माझं डोकंच फिरलं.

"काहून देतं? मी चालवीन."

"कोळसा कोण देईल तुले?"

"कोळसा पाहिजे कोणाले? पऱ्हाटीवर चालवीन."

तो खो खो हसला. कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झुडपं म्हणजे पऱ्हाटी. ती आमच्याकडे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पेटवून देतात. "स्वतःच्या जोरावर सडकेपर्यंत आला, तं ठेव तुह्या उरावर," तो म्हणाला. बॉयलर मी त्याला न विचारताच तपासून घेतला होता.

ठरल्या दिवशी सकाळीच भट्टी पेटवली. पऱ्हाटी मेली भुर्रकन जळते. घालून घालून हात सोलले. रोलर निघाला, पण सडकेकडे जाणाऱ्या पांदणीत अर्ध्यातच पेंढ्या संपल्या अन् वाफ बसली. तेवढ्यात समोरून भंगारवाल्याचा ट्रक आला. ड्रायव्हरशेजारी भाऊ.

"झाली हौस?"

संतापानं मला रडूच आलं. शेजारच्या शेतातली काकू हे सगळं पाहत होती. ती ओरडली, "रडतं काहून वं? माह्या धुऱ्यावरची ने! मी तं पेटवूनच देणार होती."

दोघींनी भारे ओढले, भट्टीत कोंबले. वाफेच्या दाबाचा काटा चढला. मी शिटी मारली अन् रोलर सोडला.

"ताई, थांबवा!" ड्रायव्हर किंचाळला.

"थांबवता येते मले. थांबवत नाही. तू मागं घे!"

पांदण अरुंद, वळायला जागा नाही. ट्रक रोलरच्या चालीनं मागे मागे सरकत गेला, आत माझा भाऊ, तोंड माझ्याकडे. रोलरचं पुढचं चाक सडकेच्या डांबरावर चढलं तशी मी ओरडले, "आता उतर खाली अन् पऱ्हाटी टाक. वापस बी न्यायचा आहे!"